पेटीतली ऊब: सोलापुरात बॉल पायथन सांभाळताना

अशोक चौकाजवळ माझा छोटा गाळा आहे. यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करणं हा माझा धंदा. सापांचा नाद मला नव्हता, तो माझ्या भाच्याला होता. त्याला पुण्यात नोकरी लागली, तिथल्या खोलीमालकाने साप म्हटल्यावर दारच लावलं, आणि बकुळा माझ्याकडे आली. बकुळा म्हणजे बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बुटका, जाडसर, लाजाळू अजगर. लांबी चार फुटांच्या आसपास, वजन परवाच्या मोजणीत १,४५० ग्रॅम. ती आल्यापासून चार हिवाळे गेले. या काळात पेटी गरम ठेवण्याबद्दल मी जे शिकलो, ते इथे लिहितो आहे. त्यातलं निम्मं एका चुकीने शिकवलं आणि त्या चुकीची किंमत बकुळाने मोजली. म्हणून काहीही न झाकता लिहितो.

आधी कागदांचं. नाग, धामण, मांडूळ, आपला भारतीय अजगर, कोणताही देशी साप घरात पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. बॉल पायथन विदेशी असला तरी सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनंतर अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. तो दुसऱ्याकडे गेला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं. भाच्याकडून माझ्याकडे येतानाही आम्ही हे केलं. कागद नसलेला साप स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका.

आता उबेकडे येऊ. सापाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. उंदीर गिळला की तो पचवायची उष्णता बाहेरून यावी लागते. ती मिळाली नाही तर अन्न पोटात सडतं आणि साप ते उलटून टाकतो. म्हणून पेटीत एक टोक उबदार आणि दुसरं गार लागतं. साप गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. बॉल पायथनला उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश आणि गार टोकाला २४ ते २७ अंश मानवतात. दोन्ही टोकांना लपायला एकेक ढोली हवी, नाहीतर लाजाळू साप गारठ्यातही लपलेल्या जागीच बसून राहतो. संपूर्ण पेटी सरसकट ३२ अंशांवर ठेवली तर आकडा बरोबर दिसतो, पण सापाला निवडायला काहीच उरत नाही.

सोलापूर तापलेलं गाव, इथे हीटर कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर पारा १४-१५ पर्यंत उतरतो, एखाद्या रात्री त्याहूनही खाली. आमच्या बंद खोलीत त्या वेळी १९-२० असतं. आपण चादर ओढून झोपतो. सापाला चादरीचा उपयोग नाही, कारण चादर नुसती अंगातली ऊब धरून ठेवते आणि त्याच्या अंगात धरून ठेवण्याजोगं काही नसतं.

ती चूक पहिल्या वर्षीची. बकुळा तेव्हा काचेच्या टाकीत होती. टाकीखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई. ती ठरलेल्या तापमानाला चालू-बंद करायला थर्मोस्टॅट. मॅट आणि काच यांच्यामध्ये त्याचा प्रोब, म्हणजे तापमान वाचणारं वायरीचं टोक, चिकटपट्टीने लावलेलं. संक्रांतीचे दिवस होते, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा चालू होती. सकाळी मी टाकी पुढे ओढून मागची धूळ पुसली आणि परत सरकवली. तेवढ्यात वायर ताणली गेली, प्रोब सुटला आणि फरशीजवळ लोंबकळत राहिला. मला ते दिसलं नाही. रात्री आम्ही सगळे होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला गेलो. इकडे थर्मोस्टॅट फरशीजवळचे २१ अंश वाचत होता आणि ‘गार आहे, गार आहे’ म्हणत मॅट अखंड चालू ठेवत होता. आम्ही परतलो तेव्हा बकुळा पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसली होती. एरवी ती कधीच भांड्यात बसत नाही. हात घालून पाहिलं तर काच चटका देत होती. थर्मामीटर गनने मोजलं, ४६ अंश.

पोटावरचे सात-आठ खवले गुलाबी झाले होते. पशुवैद्यांनी मलम दिलं, तळाशी अंथरलेला काथ्या काढून नुसता कोरा कागद अंथरायला सांगितलं. दोन काती टाकून झाल्यावर खवले पूर्ववत झाले. तुमच्यावर अशी वेळ आली तर बर्फ, हळद, तेल, टूथपेस्ट, काहीही लावू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे न्या. आणि साप चटका बसल्याबरोबर उठून जाईल यावर विसंबू नका. पोटाखालचा दाह त्याला आपल्यासारखा पटकन उमगत नाही. उबदार वाटतं म्हणून तो तिथेच पडून राहतो आणि भाजतो.

त्या रात्रीनंतर माझा एक नियम ठरला. जोडणी करताना ‘हे नीट चाललं तर काय होईल’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘हे बिघडलं तर कुणीकडे बिघडेल’ हा. बिघडून ऊब बंद पडली तर बॉल पायथन २० अंशांत एक-दोन रात्री काढू शकतो, फक्त त्या दिवसांत त्याला खाऊ घालायचं नाही. पण बिघडून ऊब चालूच राहिली तर एक रात्र पुष्कळ झाली. म्हणून कुठलाही भाग निकामी झाला तरी पेटी गार पडली पाहिजे, तापता कामा नये. पुढचं सगळं याच नियमावर उभं आहे.

मोजमाप

पेटी घेण्याआधी मोजायची साधनं घ्या. काचेला चिकटवायचे काटेवाले गोल थर्मामीटर घेऊ नका, ते काचेजवळच्या हवेचं काहीतरी सांगतात. मला तीन गोष्टी लागतात. वायरवाला डिजिटल थर्मामीटर, ज्यात कमाल-किमान आकडा साठवला जातो, तो दोन नग, दोन टोकांना दोन. आणि जमिनीचं तापमान बघायला इन्फ्रारेड गन. गन चकचकीत पत्र्यावर किंवा फॉइलवर खोटा आकडा देते. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून त्यावर मोजा आणि मोजून झालं की टेप काढून टाका. पेटीच्या आत कुठलीही चिकटपट्टी राहू देऊ नका. सापाच्या अंगाला ती चिकटली तर सोडवताना कातडी निघते.

प्रोब खरं बोलतो का हे तपासायला घरातलं तापाचं डिजिटल थर्मामीटर पुरतं. मगात कोमट पाणी घ्या, साधारण ३६ अंशांचं. प्रोब आणि तापाचं थर्मामीटर एकत्र धरून पाणी ढवळत राहा आणि दोन्ही आकडे स्थिर झाले की फरक लिहून घ्या. माझा एक प्रोब १.४ अंशांनी कमी दाखवत होता. म्हणजे मी ३२ लावलं की पेटीत खरे ३३.४ होत होते. बर्फाच्या पाण्यातही तपासता येतं, पण आपलं काम तिशीच्या आसपास आहे, तेव्हा तिथलाच फरक बघितलेला बरा.

पेटी आणि हीटर

काचेची टाकी आमच्या हवेला बरी नाही. वरून जाळी असते, सगळी ऊब आणि ओल उडून जाते. मी सुताराकडून १२ मिमी प्लायची पेटी करून घेतली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, पुढे सरकत्या काचा, दोन्ही बाजूंना हवेच्या फटी. वॉटर-बेस्ड व्हर्निशचे तीन हात दिले आणि वास पूर्ण जाईपर्यंत, जवळजवळ महिनाभर, ती रिकामी ठेवली. भाच्याचा रोज फोन, ‘मामा, अजून किती दिवस?’ पण व्हर्निशचा वास आपल्याला येतोय तोवर सापाला आत सोडायचं नाही.

प्लायच्या पेटीखाली हीट मॅट लावू नका. लाकूड ऊब अडवून धरतं, ती वर पोचत नाही आणि मॅट स्वतःच तापत जाते. मॅट काचेसाठी. तीही टाकीच्या बाहेरून, तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली, आणि टाकी रबरी पायांवर उचलून म्हणजे खालून हवा खेळते. वर काथ्याचा जाड थर टाकू नका, कारण साप उकरत तळाशी जातो आणि तिथे काच वरच्या थरापेक्षा फार तापलेली असते. विजेवर तापणारे ‘हॉट रॉक’ नावाचे दगड मिळतात, ते कुणी फुकट दिले तरी घेऊ नका.

प्लायच्या पेटीला मी सिरॅमिक हीटर लावला आहे. बल्बसारखाच आट्यांचा, पण उजेड देत नाही, त्यामुळे रात्रीही चालतो. लाल-निळे नाइट बल्ब नकोत, सापाला रात्री अंधारच हवा. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो. वायर उष्णतारोधक आवरणाची घ्या. हीटरभोवती तारेची जाळी हवीच, आणि तिची भोकं इतकी बारीक हवीत की सापाचं डोकं आत जाणार नाही. चालू हीटरला बोट लागलं तर लगेच फोड येतो. साप मात्र उबेच्या ओढीने त्याला विळखा घालायला बघतो.

किती वॉटचा घ्यावा? पेटी, खोली आणि हवा यांवर ते ठरतं. मी आधी ४० वॉटचा लावला. जानेवारीत तो रात्रभर चालू राहूनही खाली २९ च्या वर जाईना. मग १०० वॉटचा लावला. तो कडाक्याच्या रात्री साधारण अर्धा वेळ चालू असतो. हे प्रमाण मला चांगलं वाटतं. अखंड चालावा लागणारा हीटर लहान पडतो, आणि मिनिटभर चालून दहा मिनिटं बंद राहणारा गरजेपेक्षा मोठा असतो. मोठा हीटर बंद न होता चालूच राहिला तर जास्त भाजतो, हेही ध्यानात ठेवा.

थर्मोस्टॅट नको, फॅनचा रेग्युलेटर लावून बरोबर जागी ठेवतो, असं एकाने मला सांगितलं. तसं करू नका, आणि याचं कारण माझ्या धंद्यातलं आहे. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १०० वॉट देणारा हीटर १८० ला जेमतेम ६१ वॉट देतो आणि २६० ला जवळजवळ १२८. आमच्या भागात दिवसा माग चालू असताना व्होल्टेज पडतं आणि रात्री माग थांबले की वर चढतं. म्हणजे दुपारी तुम्ही हाताने जुळवलेली ऊब मध्यरात्री, तुम्ही झोपेत असताना, आपोआप वाढते.

दोन थर्मोस्टॅट

आता मुख्य जोडणी. आपल्याकडे एसटीसी-१००० नावाचा कंट्रोलर सहज मिळतो, कोंबड्यांची अंडी उबवणारेही तोच वापरतात. त्यात तापवण्याचा एक आणि गार करण्याचा एक असे दोन रिले, म्हणजे वीज आपोआप जोडणारे-तोडणारे छोटे स्विच, असतात. एफ-१ मध्ये हवं ते तापमान भरायचं, एफ-२ मध्ये त्या तापमानापासून किती ढळलं की रिले लागावा तो फरक, एफ-४ मध्ये प्रोबची दुरुस्ती. मगातल्या पाण्यात जो फरक सापडला तो एफ-४ मध्ये भरायचा.

एकच लावला तर दोन धोके राहतात. पहिला माझ्या बाबतीत घडला, प्रोब जागेवरून सुटणं. दुसरा मी गाळ्यात रोज बघतो. लूमच्या स्टार्टरचे पॉइंट ठिणग्यांनी भाजून एकमेकांना चिकटतात, बटण बंद केलं तरी मोटर चालूच. थर्मोस्टॅटमधला रिले हा तसलाच, फक्त नखाएवढा. तो कधी ना कधी चिकटणार हे धरूनच चाला.

म्हणून दोन कंट्रोलर एकामागे एक जोडा. रोजचं तापमान सांभाळणारा तो कामकरी, आणि तो बिघडला तर वीज तोडणारा तो राखणदार. मेनची फेज आधी राखणदाराच्या तापवण्याच्या रिलेतून, तिथून कामकऱ्याच्या तापवण्याच्या रिलेतून आणि मग हीटरला. कामकऱ्याला ३२ लावा, राखणदाराला ३५. दोघांचा एफ-२ अर्धा अंश. एरवी राखणदार नुसता चालू राहतो, त्याला काहीच करावं लागत नाही. कामकऱ्याचा रिले चिकटला किंवा त्याचा प्रोब घसरला तर ३५ ला राखणदार वीज तोडतो. राखणदाराच्या गार करण्याच्या रिलेवर मी २३० व्होल्टचा बजर लावला आहे. सिरॅमिक हीटर बंद झाल्यावरही काही वेळ तापलेलाच राहतो, त्यामुळे पारा अजून थोडा वर जातो आणि बजर बोंबलतो. मध्यरात्री सगळं घर उठतं. उठू द्या.

दोन्ही प्रोब हीटरच्या खाली, सापाच्या पाठीच्या उंचीवर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. दोघांच्या वायरी वेगवेगळ्या भोकांतून घ्या, म्हणजे एक ताणली तरी दुसरी जागेवर राहील. चिकटपट्टी वापरू नका, स्क्रूने बसणारी सॅडल क्लिप आणि केबल टाय वापरा. प्रोब तुटला किंवा त्याची वायर कुरतडली गेली तर हा कंट्रोलर ‘ईई’ दाखवून रिले सोडून देतो, म्हणजे पेटी गार पडते. आपल्याला हवं तेच.

पेटीत पाण्याचं भांडं असतं, तेव्हा त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग पाहिजेच. वायरिंगचा हात नसेल तर माहितगार वायरमनकडून जोडणी करून घ्या आणि हा परिच्छेद त्याला वाचून दाखवा.

जोडून झालं की मुद्दाम बिघडवून बघा. सापाला झाकणाच्या, भोकं पाडलेल्या डब्यात काढून ठेवा. कामकऱ्याचा प्रोब क्लिपमधून काढून गार पाण्याच्या मगात बुडवा. हीटर चालूच राहील. आता जवळ बसा आणि राखणदाराचा आकडा बघत राहा. माझ्याकडे ३५ व्हायला पाऊण तास लागतो. तिथे वीज तुटली आणि मग बजर वाजला तर जोडणी खरी. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी हे करतो. आमची ही तेव्हा शेजारीच शेंगाचटणी कुटत असते आणि बजर वाजला की आतूनच विचारते, ‘बरोबर वाजला का?’

वीज गेल्यावर

इन्व्हर्टर असेल तर सोपं आहे. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. वाटेतली गळती आणि बॅटरी तळापर्यंत न उतरवण्याची काळजी धरून मी निम्मेच, ९०० मोजतो. हीटर अर्धा वेळ चालला तर सरासरी ५० वॉट, म्हणजे नुसत्या पेटीसाठी अठरा तास. पंखे-दिवे त्यातून वजा करा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या.

इन्व्हर्टर नसेल तर पेटीच्या मागच्या आणि बाजूच्या भिंतींना बाहेरून इंचभर जाडीचं थर्माकोल लावून ठेवा, हवेच्या फटी मोकळ्या सोडून. वीज लांबली तर लिटरभराच्या दोन बाटल्यांत ४५-५० अंशांचं पाणी भरा, जाड टॉवेलच्या दोन घड्यांत गुंडाळा आणि उबदार ढोलीच्या बाहेरच्या अंगाला टेकवून ठेवा. आपली सोलापुरी चादर पेटीवर टाकायला उत्तम, पण हीटर पुन्हा चालू व्हायच्या आत ती काढायची. म्हणून त्या वेळी प्लग काढूनच ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका, तिच्या विषारी वायूने साप आणि माणसं दोन्ही मरतात.

जेवणानंतर वीज गेली तर जास्त जपावं लागतं, कारण गिळलेलं पचायला चार-पाच दिवस ऊब लागते. उलटी झालीच तर लगेच पुन्हा खाऊ घालू नका. दोन आठवडे थांबा, मग नेहमीपेक्षा लहान उंदीर द्या. आम्ही जानेवारीत तिला खाऊ घालण्याआधी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आलाय का ते बघून घेतो.

हिवाळ्यात आपली हवा कोरडी, त्यात हीटर ती आणखी सुकवतो. गार ढोलीत ओलसर, पिळून काढलेला काथ्या ठेवा, नाहीतर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते.

उन्हाळा

आपल्या गावात खरी परीक्षा इथे आहे. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ असतं, आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत दुपारी पारा ३८ च्या पुढे जातो. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. अख्खी पेटी ३५ च्या वर गेली की सापाला पळायला जागाच उरत नाही. जुन्या माळवदाच्या घरात राहत असाल तर पेटी तिथे, तळमजल्यावर ठेवा, माती ऊन आत येऊ देत नाही. आमचं स्लॅबचं घर. मी पेटी उत्तरेच्या भिंतीला लावली आहे आणि दुपारी त्या खोलीत साधा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालवतो. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने कूलर इथे चांगला चालतो, खोली २८-२९ वर राहते आणि ओलही मिळते. त्या दिवसांत हीटरचा प्लग काढलेला असतो, पण राखणदार आणि बजर चालूच. कूलरचं पाणी संपलं की तोच सांगतो. मागच्या मे मध्ये दोनदा त्याने सांगितलं. दोन्ही वेळा आई घरात एकटी होती. तिने टाकीत दोन बादल्या ओतल्या आणि मग मला फोन केला.

दिवाळीच्या सुमारास पहाटे खोलीत २४ च्या खाली आकडा दिसू लागला की हीटर पुन्हा लावायचा. त्याआधी जाळीवरची सहा महिन्यांची धूळ पुसा, होल्डरचे स्क्रू आवळा, प्रोब क्लिपमध्ये हलतोय का बघा, आणि कामकऱ्याचा प्रोब गार पाण्याच्या मगात बुडवायची चाचणी करून मगच बकुळाला, म्हणजे तुमच्या जनावराला, आत सोडा.